मैदानाच्या कडेचं शिक्षण

अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू असताना मैदानाच्या कडेला एक माणूस उभा असतो. त्याच्या कमरेला छोटी पिशवी बांधलेली असते. तिच्यात कात्री, हातमोजे, गॉझ, चिकटपट्टीची रिळं, श्वास देताना तोंडावर धरायचा मास्क आणि बॅटरीवर चालणारा स्क्रू-ड्रायव्हर. शेवटची वस्तू तिथे काय करते, हा प्रश्न पडणं साहजिक आहे. खेळाडूच्या हेल्मेटला पुढून जी जाळी असते, ती स्क्रूंनी बसवलेली असते. मानेच्या मणक्याला मार बसल्याचा संशय असेल तर हेल्मेट धरून ओढता येत नाही. डोकं हललं तर मज्जारज्जूला इजा व्हायची. अशा वेळी हेल्मेट जागच्या जागी ठेवून नुसती जाळी काढली, तरी नाकातोंडापर्यंत हात पोचतो. एक जण खेळाडूचं डोकं दोन्ही हातांत स्थिर धरून बसतो, दुसरा स्क्रू काढतो. पावसात भिजून स्क्रू गंजला असेल आणि फिरत नसेल, तर प्लॅस्टिकच्या कड्या कापणारं दुसरं हत्यार पिशवीतून निघतं. हे सगळं विद्यार्थी असताना, घड्याळ लावून, पुन्हा पुन्हा करून घेतलेलं असतं.

या माणसाला तिथे अॅथलेटिक ट्रेनर म्हणतात. जोर-बैठका काढून घेणं, वजनं उचलायला लावणं हे त्याचं काम नव्हे. त्यासाठी वेगळा प्रशिक्षक असतो. दुखापत होऊ नये म्हणून आधीपासून लक्ष ठेवायचं, झालीच तर जागेवर ओळखायची, तातडीचा उपचार करायचा, पुढचे आठवडे-महिने पुनर्वसन करून घ्यायचं आणि खेळाडू परत कधी उतरू शकतो हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवायचं, एवढा त्याच्या कामाचा पसारा. आणि हे काम करायचं तर अमेरिकेत आता पदव्युत्तर पदवी लागते.

ती कायम लागत होती असं मुळीच नाही. १८८१ साली हार्वर्डने आपल्या फुटबॉल संघासाठी जेम्स रॉबिन्सन नावाच्या माणसाला नेमलं, तिथून या व्यवसायाची सुरुवात धरतात. पुढची अनेक दशकं ही मंडळी अनुभवावर, हातगुणावर आणि मालिशच्या तेलावर काम चालवत होती. आपल्याकडच्या तालमीत वस्तादाच्या हाताला जो मान असतो, तसाच मान त्यांनाही मिळत असे, आणि त्यात खरं किती, समजूत किती, हे तपासायची सोय नव्हती. १९५० मध्ये कॅन्सस सिटीत त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या पाठीशी पैसा उभा केला तो कॅन्ससमधल्या क्रेमर कंपनीने. ही कंपनी दोघा भावांची, आणि त्यांचा मूळ धंदा खेळाडूंना चोळायचं लिनिमेंट विकण्याचा. औषध विकणाऱ्याने ते लावणाऱ्यांची संघटना बांधावी यात स्वार्थ होताच, पण त्या स्वार्थातून एक शिस्त उभी राहिली हेही खरं. १९७० मध्ये पहिली प्रमाणपत्र परीक्षा झाली. १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने हा आरोग्यसेवेतला व्यवसाय असल्याचं मान्य केलं.

तरीही बराच काळ दोन वाटा होत्या. एक कॉलेजच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची. दुसरी उमेदवारीची, म्हणजे कोणा जाणत्याच्या हाताखाली ठरावीक तास काढायचे आणि परीक्षेला बसायचं. २००४ मध्ये उमेदवारीची वाट बंद झाली. पुढे २०१५ मध्ये व्यवसायातल्या प्रमुख संस्थांनी मिळून जाहीर केलं की या क्षेत्रात शिरायचं तर यापुढे किमान पदवी मास्टर्सचीच असेल. २०२२ च्या शरद सत्रानंतर पदवी पातळीवरच्या अभ्यासक्रमांना या व्यवसायासाठी नवे विद्यार्थी घेता येईनासे झाले. आज कोणाला अॅथलेटिक ट्रेनर व्हायचं असेल तर आधी चार वर्षांची पदवी आणि मग साधारण दोन वर्षांचं मास्टर्स, असा हिशेब आहे. काही विद्यापीठं तीन अधिक दोन अशी सोय करून एक वर्ष वाचवतात.

प्रवेशाच्या अटी वाचल्या की पदवी कशातली हवी याचं फारसं बंधन दिसत नाही. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र एवढे विषय मात्र झालेले हवेत. अनेक ठिकाणी एखाद्या ट्रेनरसोबत काही तास नुसतं निरीक्षण केल्याचा दाखला मागतात. ही अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. टीव्हीवर सामने पाहून भारावलेला मुलगा पहाटे साडेपाचला बर्फाच्या पिशव्या भरताना आणि पाण्याचे कूलर वाहून नेताना पाहिला, की पुढे टिकणारा कोण आणि न टिकणारा कोण, हे त्याचं त्यालाच कळतं.

वर्गातला अभ्यास जिथे हाताला येऊन भिडतो, तिथे तो रंगतदार होतो. घोट्याला पट्टी बांधायची साधी गोष्ट घ्या. सुमारे चार सेंटिमीटर रुंदीची पांढरी चिकटपट्टी. खेळाडू टेबलावर बसतो, पाऊल काटकोनात धरतो. आधी चिकटा फवारायचा, त्वचा सोलू नये म्हणून फोमचा पातळ थर गुंडाळायचा, वर-खाली दोन आधारपट्ट्या मारायच्या. मग आतल्या बाजूने सुरू करून टाचेखालून बाहेरच्या बाजूला ओढून नेलेल्या पट्ट्या, कारण घोटा बहुतेक वेळा पाऊल आत वळूनच मुरगळतो आणि पट्टीने त्याला उलट बाजूला धरून ठेवायचं असतं. त्यावर इंग्रजी आठाच्या आकाराचे वेढे, टाच बांधून टाकणारे वेढे, शेवटी उघड्या जागा बुजवायच्या. एक सुरकुती राहिली तरी दोन तासांत तिथे फोड येतो. सरावलेला हात हे दोन-तीन मिनिटांत उरकतो. नवख्याला पंधरा लागतात, आणि त्याच्या टेबलापुढे रांग लागलेली असते. गंमत अशी, की त्याच विद्यार्थ्याला दुसऱ्या तासाला संशोधन वाचायला लावतात, आणि त्यात लिहिलेलं असतं की पळापळ सुरू झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत ही पट्टी बरीच सैल पडते, आणि दोरीचा तयार ब्रेस जवळपास तेवढंच काम करतो. हाताचं कौशल्यही शिकायचं आणि त्याच्यावर आंधळा विश्वासही ठेवायचा नाही. उमेदवारीच्या वाटेने यातलं पहिलं नक्की मिळायचं. दुसऱ्याची हमी नव्हती.

गुडघ्याची परीक्षा ही दुसरी तशीच गोष्ट. पुढच्या क्रुशिएट लिगामेंटची, म्हणजे क्रिकेट आणि कबड्डीमुळे आता आपल्याकडेही घरोघरी ठाऊक झालेल्या एसीएलची चाचणी फिलाडेल्फियातल्या टेम्पल विद्यापीठाचे अस्थिशल्यविशारद जॉन लॅकमन यांच्या नावाने ओळखली जाते. गुडघा वीस-तीस अंश वाकवायचा, एका हाताने मांडी पक्की धरायची, दुसऱ्याने नडगीचं हाड पुढे ओढायचं. लिगामेंट शाबूत असेल तर ओढलेली दोरी ताण संपल्यावर खटकन अडावी तसं हाड अडतं. तुटलं असेल तर ते अडणं हाताला लागतच नाही. पण ही चाचणी दुखापतीनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत जितकी स्पष्ट कळते, तितकी दोन तासांनी कळत नाही. तोवर गुडघा सुजतो, मांडीचे स्नायू आखडतात आणि दुखण्याने खेळाडू पाय हलवू देत नाही. दवाखान्यातला निष्णात डॉक्टर ज्या क्षणी तिथे नसतो, नेमक्या त्याच क्षणी मैदानावरच्या माणसाच्या बोटांना सगळ्यांत जास्त माहिती मिळते. या पदवीचं समर्थन कोणी मला एका उदाहरणात मागितलं, तर मी हेच देईन.

उष्माघाताचा धडा याहून गंभीर. १ ऑगस्ट २००१ रोजी मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचा कोरी स्ट्रिंगर हा २७ वर्षांचा खेळाडू सरावातल्या उष्माघाताने गेला. रुग्णालयात पोचला तेव्हा त्याचं तापमान १०८.८ अंश फॅरनहाइट होतं. त्याच्या नावाने २०१० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठात संस्था उभी राहिली. ती चालवणारे डग्लस कासा स्वतः १९८५ मध्ये दहा किलोमीटरच्या शर्यतीत उष्माघाताने कोसळून वाचलेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट लावून धरली: आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या. आपली सहजप्रवृत्ती याच्या उलट असते. माणूस पडला की आधी गाडी शोधायची. पण शरीराचं आतलं तापमान अर्ध्या तासाच्या आत चाळीस अंश सेल्सियसच्या खाली आणलं तर माणूस जवळपास हमखास वाचतो, आणि तो अर्धा तास बहुधा रस्त्यातच निघून जातो.

त्यामुळे विद्यार्थ्याला दोन गोष्टी शिकाव्या लागतात, आणि दोन्हींत संकोच आड येतो. पहिली, गुदद्वारातून तापमान मोजणं. कपाळावर किंवा कानात धरायचा थर्मामीटर धावून आलेल्या घामट माणसाचं तापमान चुकीचं, बहुधा कमी दाखवतो, आणि उपचाराला उशीर होतो. म्हणून हा सराव पुतळ्यावर करून घेतात, आणि चादर धरून आडोसा कसा करायचा, सोबत कोण उभं राहील, पालकांना आधीच काय सांगून ठेवायचं, हेही शिकवतात. दुसरी, टब. शेतावर जनावरांना पाणी पाजायची मोठी टाकी असते, तीच अनेक शाळा वापरतात. तीत पाणी आणि बर्फ. खेळाडूला मानेपर्यंत बुडवायचं, डोकं खाली जाऊ नये म्हणून काखेतून टॉवेल घालून मागे एकाने धरायचं, आणि पाणी सतत ढवळत राहायचं. न ढवळलं तर अंगालगत कोमट पाण्याचा थर साचतो. तापमान सुमारे ३९ अंशांवर आलं की बाहेर काढायचं. मॅसॅच्युसेट्समधल्या फालमथ इथे ऑगस्टमध्ये सात मैलांची शर्यत होते. तिथे अठरा वर्षांत अशा २७४ रुग्णांना टबात घालून उपचार केले, आणि एकही दगावला नाही. याच्या उलट बाजूला २०१८ ची घटना ठेवावी लागते: मेरिलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर सरावात कोसळला. त्याला थंड पाण्यात बुडवलं गेलं नाही, आणि दोन आठवड्यांनी तो गेला. विद्यापीठाने पुढे जबाबदारी मान्य केली. तिथे शिकलेली माणसं हजर होती. म्हणजे पदवी भिंतीवर असून भागत नाही. टब भरलेला असावा लागतो. आपल्याकडे पोलीस भरतीच्या धावण्यात उमेदवार कोसळल्याच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात. बर्फाच्या लाद्या आणि एक टाकी तिथे ठेवायला कोणत्याही पदवीची गरज नाही, हे जाता जाता.

हृदयाबद्दलचं शिक्षण सगळ्या जगाने एका रात्री पाहिलं. २ जानेवारी २०२३, सिनसिनाटी. बफेलो बिल्सचा डमार हॅमलिन प्रतिस्पर्ध्याला अडवून उभा राहिला आणि लगेच मागे कोसळला. छातीवरचा आघात हृदयाच्या ठोक्याच्या चक्रात एका अगदी अरुंद, काही हजारांश सेकंदांच्या फटीत बसला तर निरोगी हृदयसुद्धा नुसतं थरथरत राहतं, रक्त ढकलत नाही. संघाचे सहायक अॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी मैदानावरच छाती दाबायला सुरुवात केली, विजेचा झटका देण्यात आला, आणि हॅमलिन पुढच्या हंगामात परत खेळला. अशा वेळी झटक्याला एक मिनिट उशीर झाला की जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. त्या रात्री जे सुरळीत दिसलं, त्यामागे सामन्यापूर्वीची एक छोटी बैठक असते. दोन्ही संघांचे ट्रेनर, डॉक्टर आणि रुग्णवाहिकेची माणसं एकत्र उभी राहून ठरवतात, की झटक्याचं यंत्र कुठे आहे, फाटक कोणतं उघडं आहे, हाताची कोणती खूण केली की काय समजायचं. मास्टर्सच्या विद्यार्थ्याकडून असा आराखडा प्रत्येक मैदानासाठी वेगळा लिहून घेतात. फाटकाच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते, इथपर्यंत.

डोक्याला मार लागण्याच्या प्रकरणात मात्र ज्ञानापेक्षा पाठीचा कणा जास्त लागतो. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट हा तेरा वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागल्यावर त्याच सामन्यात पुन्हा उतरला आणि नंतर मैदानावर कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याच्या नावाने २००९ मध्ये तिथे कायदा झाला: संशय आला की खेळाडू बाहेर, आणि परवानाधारक आरोग्य व्यावसायिकाच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. पुढच्या पाच वर्षांत सगळ्या राज्यांनी या ना त्या रूपात असा कायदा केला. पण कायदा पुस्तकात असतो आणि प्रशिक्षक शेजारी उभा असतो. समजा उपांत्य सामना आहे, चार मिनिटं उरली आहेत. मुलगा म्हणतो, "मला काही झालेलं नाही." प्रशिक्षक म्हणतो, "बघ, तोच म्हणतोय." प्रेक्षकांत बसलेला बापही तेच ओरडतोय. अशा वेळी मुलाचं हेल्मेट काढून आपल्या हातात ठेवायचं, म्हणजे तो चुकून मैदानात शिरणार नाही, ही युक्ती कुठल्याही चाचणीइतकीच उपयोगी. ती वर्गात शिकून येत नाही, जुन्या माणसाच्या शेजारी उभं राहून येते.

त्या जुन्या माणसाला अभ्यासक्रमात प्रिसेप्टर म्हणतात, आणि माझ्या मते पदवीचं अर्धं मोल त्याच्यावर अवलंबून आहे. सत्र बदललं की विद्यार्थ्याचं ठिकाण बदलतं: कधी हायस्कूल, कधी विद्यापीठाचा संघ, कधी अस्थिरोगाचा दवाखाना. किमान चार आठवडे सलग पूर्णवेळ प्रत्यक्ष कामावरच काढावे लागतात. या काळात विद्यार्थी पाहतो, मग हात लावतो, मग बोलतो, आणि प्रिसेप्टर एक एक पाऊल मागे सरकतो. चांगला प्रिसेप्टर मिळाला तर दोन वर्षांत माणूस तयार होतो. वाईट मिळाला तर तोच विद्यार्थी फुकटचा पाणक्या बनतो. अशा तक्रारी या क्षेत्रात जुन्याच आहेत.

शेवटी परीक्षा: चार तास, १७५ प्रश्न, संगणकावर. ती पास झाल्यावर राज्याचा परवाना. बहुतेक सगळ्या राज्यांत तो लागतो, कॅलिफोर्नियात मात्र या व्यवसायाला परवान्याचा कायदाच झालेला नाही. पुढेही दर दोन वर्षांनी पन्नास गुणांचं निरंतर शिक्षण दाखवावं लागतं.

आता पैशाचं. २०२३ च्या सरकारी आकडेवारीत अॅथलेटिक ट्रेनरचं मधलं वार्षिक वेतन ५८ हजार डॉलरच्या आसपास होतं. फिजिओथेरपिस्टचं जवळपास एक लाख. दोघांच्या शिक्षणाच्या काळात फरक आहे, मान्य. पण एवढ्या तफावतीचं खरं कारण वेगळं आहे. ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, अॅथलेटिक ट्रेनरला आपल्या सेवेचं बिल लावता येत नाही. बिल नाही, म्हणून रुग्णालयाच्या हिशेबात तो उत्पन्न आणत नाही, म्हणून पगार वाढत नाही. मास्टर्स सक्तीचं करताना प्रतिष्ठा वाढली की पगारही वाढेल अशी आशा होती. प्रतिष्ठा वाढली, कर्ज वाढलं. पगाराची गाडी मागेच राहिली. आणि देशातल्या सुमारे एक तृतीयांश हायस्कुलांत आजही एकही ट्रेनर नाही. जिथे माणसंच कमी पडतात तिथे दार अरुंद करणं मला पूर्ण पटलेलं नाही, जरी वर सांगितलेला गुडघा आणि टब शिकायला दोन वर्षं लागतात हे दिसत असलं तरी. तरुण मंडळी अलीकडे शाळा-कॉलेजांबाहेर पडून सैन्यात, अग्निशमन दलात, नृत्यसंस्थांत, मोठ्या गोदामांत कामं शोधतात ती पगाराच्या याच कारणाने. शिवाय गोदामात संध्याकाळी सातचा सामना नसतो आणि शनिवार-रविवार घरी काढता येतो.

महाराष्ट्रातून या पदवीकडे पाहणारे बहुतेक जण फिजिओथेरपी शिकलेले असतात, आणि त्यांना हा रस्ता जवळचा वाटतो. विषयांच्या अटी त्यांच्या बहुधा आधीच पुऱ्या झालेल्या असतात. पण एक लक्षात ठेवायला हवं: आपल्याकडे संघांसोबत फिजिओ, स्ट्रेंग्थ कोच आणि मसाजवाला अशी विभागणी आहे, आणि अमेरिकन ट्रेनरचं काम या तिघांच्या मधून जातं. कॅनडा आणि आयर्लंडच्या समकक्ष व्यावसायिकांशी परीक्षा घेणाऱ्या अमेरिकन मंडळाचा परस्पर मान्यतेचा करार आहे, भारताशी नाही. परत आल्यावर इथे तुमची ओळख फिजिओथेरपीच्या जुन्या पदवीवरच राहणार. तिथेच राहायचं तर पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर साधारण वर्षभर काम करता येतं. त्यानंतर व्हिसासाठी मालक शोधावा लागतो, आणि ५८ हजारांच्या नोकरीसाठी शाळा ती खटपट सहसा करत नाहीत. आयपीएल किंवा प्रो कबड्डीच्या संघासोबत काम करायचं एवढंच ध्येय असेल, तर क्रीडा फिजिओथेरपीचं इथलं मास्टर्स सरळ आणि स्वस्त पडतं.

तरीही जायचंच ठरलं, तर अर्ज करण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. प्रत्येक मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला आपल्या विद्यार्थ्यांपैकी किती जण पहिल्याच प्रयत्नात परीक्षा पास झाले, हे जाहीर करावं लागतं. तीन वर्षांची सरासरी सत्तर टक्क्यांच्या खाली गेली तर मान्यता अडचणीत येते. तो आकडा आधी वाचावा, विद्यापीठाच्या स्टेडियमचे फोटो नंतर. आणि दुसरी गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते: प्रशिक्षणाच्या ठिकाणी जाण्या-येण्याची सोय विद्यार्थ्याने स्वतः करायची. ती ठिकाणं कधी वीस-तीस मैलांवर असतात, सराव पहाटे सुरू होतो, आणि तिथल्या छोट्या गावांत बस नसते. पुण्या-मुंबईहून जाणाऱ्या ज्या मुलांनी कधी स्टिअरिंग हातात धरलेलं नसतं, त्यांच्या पहिल्या सत्राच्या खर्चात जुनी गाडी आणि तिचा विमा धरायलाच हवा.